सौंदर्यव्यवसायाचे शिक्षण आणि गावाचे स्वास्थ्य : मराठवाड्याची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील निवडक माध्यमिक शाळांत नववीपासून शिकवल्या जाणाऱ्या व्यवसाय विषयांत ‘ब्युटी अँड वेलनेस’चा समावेश आहे. त्याच्या जोडीला संवाद, स्वयंव्यवस्थापन, संगणकाचा वापर, उद्योजकता आणि हरित कौशल्ये असा रोजगारक्षमतेचा भागही विद्यार्थ्यांना शिकावा लागतो. भुवया कोरणे, दुकानाचा हिशेब मांडणे आणि आपल्या वस्तीच्या आरोग्याचा विचार करणे या तीन गोष्टी एका विषयाखाली आलेल्या पाहून अनेक पालकांना नवल वाटते. मराठवाड्यापुरते बोलायचे तर त्यात फारसे नवल नाही, कारण येथील गावगाड्यात या गोष्टी दीर्घकाळ एकाच घराकडे होत्या आणि त्यांची फारकत अलीकडची आहे.

बलुतेदारीत नाभिकाचे काम केस कापणे आणि दाढी करणे एवढेच नव्हते. गळू फोडणे, तुंबडी लावणे, जळवा लावून रक्त काढणे, अंग रगडणे ही कामेही त्याच्याकडे असत, आणि काही ठिकाणी त्याच्या घरातील स्त्री सुईणपणही करी. मोबदला रोख नसे. सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने तो पदरात पडे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. काम जातीने ठरत होते, मोबदला गावाच्या मर्जीवर होता, आणि ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांची हजामत करण्यास गावचा नाभिक नकार देई. तसा नकार देणे त्याच्यावरही बंधनकारक असे. ‘साऱ्या गावाचे स्वास्थ्य’ असे आपण आज म्हणतो, तेव्हा त्या काळी गावाची एक बाजू त्यातून वगळलेली होती, ही गोष्ट वर्गात सांगितली पाहिजे. ती टाळून केलेले परंपरेचे वर्णन मुलांना अर्धवट इतिहास शिकवते.

स्त्रियांच्या सौंदर्याचा व्यवहार मात्र बहुतांशी घरातच राहिला. शिकेकाई, रिठा, हळद आणि डाळीच्या पिठाचे उटणे, बाळंतिणीचा शेक हे सगळे आजी-आत्याकडून शिकायचे. पैसे द्यायचे ते कासाराला, बांगड्यांचे. त्यामुळे पुरुषांचा केशकर्तनाचा धंदा पिढीजात राहिला, तर पुढे आलेल्या ब्युटी पार्लरला कोणत्याही एका जातीचा वारसा नव्हता. या क्षेत्राचा आजचा सामाजिक नकाशा समजून घ्यायचा असेल तर हा फरक फार महत्त्वाचा आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. या काळात प्राथमिक आरोग्य केंद्रे, परिचारिका आणि दवाखाने येत गेले, तसे आरोग्याचे काम शासनाच्या एका खात्याकडे गेले; वस्तरा आणि कात्री तालुक्याच्या बाजारपेठेतील दुकानात जाऊन रोखीवर आली. दरम्यान १९५२ मध्ये टाटा समूहाने लॅक्मेची स्थापना केली होती, पण पावडर आणि लिपस्टिक ही बराच काळ शहरी घरांचीच चैन राहिली. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर आणि १९९४ मध्ये सुश्मिता सेन व ऐश्वर्या राय यांना जागतिक किताब मिळाल्यानंतर सौंदर्यप्रसाधनांची बाजारपेठ लहान गावांपर्यंत पोहोचली, आणि घरातल्या पुढच्या खोलीत आरसा व खुर्ची मांडून सुरू झालेले पार्लर तालुक्याच्या गावीही ओळखीचे झाले.

प्रशिक्षणाची सोय याहून जुनी आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून चालणारी कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. केस व त्वचेच्या निगेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तिच्यात आला, तो पुढे ‘बेसिक कॉस्मेटॉलॉजी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. मराठवाड्याच्या दृष्टीने लक्षणीय घटना १९८८ ची : महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना झाली आणि त्याचे मुख्यालय तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आले. उद्योजकता शिकवता येते, हा विचार राज्यभर नेणारी संस्था मराठवाड्यातच असावी, याचे अप्रूप येथील शिक्षणक्षेत्राला फारसे वाटलेले दिसत नाही. पुढे अग्रणी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांनी ब्युटी पार्लर व्यवस्थापनाचे अल्पमुदतीचे निवासी वर्ग सुरू केले.

आरोग्याचा प्रवाह या काळात निराळ्याच वाटेने जात होता. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने गावातील कमी शिकलेल्या, बहुधा दलित वा गरीब घरांतील स्त्रिया आरोग्यसेविका होऊ शकतात हे दाखवून दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत पुनर्वसनाच्या निमित्ताने स्त्रियांचे गट उभे राहिले, आणि त्यांतील अनेक गटांचा मोर्चा घरबांधणीकडून पाणी, आरोग्य आणि लहान उद्योग यांकडे वळला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले; त्याने गावोगावी आशा नेमल्या आणि गावपातळीवरील आरोग्य समित्यांना स्वतःचा आराखडा करण्यास सांगितले. घरांची यादी, पाण्याचे स्रोत, गरोदर माता, कुपोषित बालके, सांडपाणी वाहून जाण्याची दिशा हे सारे नकाशावर मांडून कशाला आधी हात घालायचा ते ठरवणे, ही या आराखड्याची साधी रीत आहे. शाळेतील मुलांना सामूहिक स्वास्थ्याचे नियोजन शिकवायचे तर ती आयती उपलब्ध आहे.

दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ आले ते संकटांमुळे. एचआयव्हीच्या प्रचारमोहिमांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड वापरण्याचा आग्रह सलूनपर्यंत नेला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या काळात टॉवेल धुणे आणि हत्यारे उकळणे हा पाण्याच्या नियोजनाचाच भाग आहे, हे वेगळे सांगावे लागले नसेल. २०२० च्या टाळेबंदीनंतर जूनच्या अखेरीस राज्यात सलून उघडली, तेव्हा केस कापणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग यांना परवानगी होती. त्वचेशी निगडित सेवांना नव्हती.

याखेरीज एक सततचा, कमी गाजलेला धोका आहे. गोरेपणाच्या हव्यासापायी स्टेरॉइडयुक्त मलमे महिनोन्महिने लावल्याने त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मुरमे उठतात. २०१८ मध्ये अशी अनेक मलमे केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकण्याच्या वर्गात टाकली गेली, तरी त्यांची उघड विक्री थांबली असे म्हणवत नाही. काळ्या मेंदीतील आणि केसरंगातील पीपीडी या रसायनाने काहींना तीव्र ॲलर्जी होते, म्हणून आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडासा रंग लावून पाहायचा असतो. पार्लरमधली ताई या बाबतीत गावातील कोणत्याही फलकापेक्षा जास्त बायकांशी बोलते. हे ज्ञान तिच्याजवळ असणे हीच खरी आरोग्यसेवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गोरेपणाला सौंदर्य मानणारा पाठ शिकवून त्यापाठोपाठ स्वास्थ्याचा पाठ शिकवणे निष्फळ आहे.

उद्योजकतेच्या भागात सर्वात कमकुवत राहतो तो हिशेब. मराठवाड्यात पैसा वर्षभर सारखा फिरत नाही. सोयाबीन बाजारात गेले की दिवाळीच्या सुमारास हात सैल होतो, लग्नसराईत नवरीच्या मेकअपची मागणी वाढते आणि पावसाळ्यात खुर्ची रिकामी राहते. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, त्यामुळे काही गावांत हिवाळ्यात गिऱ्हाईकच नसते. एका फेशियलला लागलेले साहित्य, वीज, पाणी आणि स्वतःच्या वेळेची मजुरी धरून दर काढणे आणि मंदीच्या महिन्यांसाठी पैसे बाजूला ठेवणे हे विद्यार्थिनीला आपल्या गावच्या दिनदर्शिकेवरून शिकवता येते.

योजनांची माहितीही याच संदर्भात द्यावी लागते. २०१५ च्या मुद्रा योजनेतील शिशु गटात पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज पार्लरला मिळू शकते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे योगायोगाने मुक्तिसंग्राम दिनीच, सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत नाभिकाचा समावेश आहे. तिच्यात पंधरा हजार रुपयांचे अवजार प्रोत्साहन आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. ही यादी पारंपरिक कारागिरांची आहे, तर पार्लर चालवणाऱ्या बहुतेक मुली पहिल्या पिढीच्या व्यावसायिक आहेत. त्यामुळे सलूनवाल्याचा मुलगा आणि पार्लर काढू पाहणारी मुलगी एकाच वर्गात बसत असली, तरी बँकेत दोघांची वाट वेगळी असते, आणि ती वेगळी का आहे हे सांगण्यासाठी शिक्षकाला बलुतेदारीपर्यंत मागे जावे लागते.