एकोणीस-एकोणीस की झिरो-बावन्न-चौतीस?

दोन्ही विद्राव्य खतं, दिसायला बरेचदा सारखीच पांढरी, आणि फुलझाडांना दोन्ही चालतात असं सगळेच सांगतात. चालतात हे खरं, पण एकाच्या जागी दुसरं नाही.

पुडीवरचा पहिला आकडा नत्राचा (नायट्रोजन), दुसरा स्फुरदाचा (फॉस्फरस), तिसरा पालाशचा (पोटॅशियम), सगळे टक्क्यांत. १९:१९:१९ मध्ये तिन्ही समसमान. ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, त्यात नत्र औषधालाही नाही. शिवाय तो ५२ फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या हिशेबातला आहे, निव्वळ फॉस्फरस जेमतेम २३ टक्के.

गोंधळ होतो तो 'स्फुरद म्हणजे फुलं' या समजुतीने. झाड वाळवून तपासलं तर साधारणपणे १०० ग्रॅममध्ये नत्र दीड ग्रॅम, पालाश एक ग्रॅम आणि स्फुरद फक्त ०.२ ग्रॅमच्या आसपास निघतं. म्हणजे तिघांत सर्वांत कमी लागणारी गोष्ट आपण सर्वांत जास्त ओततो! मीही ओतली आहे. कुंडीतल्या जास्वंदीला कळ्या याव्यात म्हणून दर आठवड्याला झिरो-बावन्न देत राहिलो. कळ्या राहिल्या बाजूला, शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाच्या कमतरतेची खूण. स्फुरद मातीत फारसं हलत नाही, साचत जातं, आणि लोह-जस्त मुळांना मिळू देत नाही.

त्यामुळे माझं मत सरळ आहे: कुंडीतल्या झाडाचं रोजचं जेवण एकोणीस-एकोणीस. छाटणीनंतर नवी फूट येताना, पानं फिकट दिसताना तेच. लिटरला एक-दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी, तेही ओल्या मातीत. झिरो-बावन्न कधी? झाड भरदार आहे, पानं गर्द हिरवी आहेत, फांद्या नुसत्या लांबत चालल्यात, म्हणजे नत्र पुरेसं झालंय, आणि कळ्या धरायचा हंगाम आलाय, तेव्हा लिटरला एक ग्रॅमची एखाद-दुसरी फवारणी, ऊन उतरल्यावर. शेणखत भरपूर घातलेल्या जमिनीत तर तिचीही बहुधा गरज नसते, कारण तिथे स्फुरद आधीच साठलेलं असतं.

एक मात्र पाळा. झिरो-बावन्न कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच बादलीत कालवू नका. पाणी दुधाळ होतं, तळाशी साका बसतो आणि दोन्ही खतं वाया जातात.

आणि झाड सावलीत असेल, तर दोन्ही पुड्या बाजूला ठेवून आधी कुंडी उन्हात सरकवा. गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन मिळत नसेल तर कोणताही आकडा कळी काढून देत नाही.