वात ओली असेपर्यंत

गणपतीला सुट्टीवर आलेल्या एखाद्या दर्यावर्द्याच्या किंवा आखातातल्या माणसाच्या खिशात हल्ली काडेपेटीएवढी एक चकचकीत वस्तू दिसते: ई-सिगरेट, म्हणजेच वेप. मग ओटीवर चर्चा सुरू होते. एक म्हणतो, "नुसती पाण्याची वाफ ती, तेतूर काय नाय." दुसरा म्हणतो, "खंय? सिगरेटीपरास वायट हा ता!" दोघंही तेवढ्याच ठामपणे बोलतात आणि दोघंही चुकतात, कारण त्या डबीच्या आत काय घडतं ते कोणी उघडून बघितलेलं नसतं. आत जे आहे ते कोकणातल्या प्रत्येक देवघरात आहे: एक वात.

आधी कायद्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्या चौकटीत वाचायचं आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजार. परदेशातून येताना बॅगेत घालून आणणं हीसुद्धा आयातच. ब्रिटनमध्ये वेप दुकानात मिळतो, संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून विक्रीला परवानगी आहे. पण कतारमध्ये बंदी आहे आणि सिंगापूरला नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. बोटीवर काम करणाऱ्याने प्रत्येक बंदराचा नियम वेगळा तपासावा. म्हणून हे उपकरण कसं सांभाळायचं ते जिथे ते कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्या, सिगरेट सोडू पाहणाऱ्या प्रौढ माणसासाठी. जो सिगरेट ओढतच नाही त्याने याच्या वाटेला जायचं काही कारण नाही.

सिगरेटचं टोक झुरका मारताना ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. पान जळतं आणि त्या जळण्यातून हजारो रसायनं तयार होतात, त्यांत सत्तरएक कर्करोगकारक. डांबर तिथलंच, कार्बन मोनॉक्साइड तिथलाच. निकोटिन व्यसन लावतं, पण फुप्फुसं आणि धमन्या खराब होतात त्या मुख्यतः धुरामुळे. वेपमध्ये काही जळत नाही, निदान जळू नये. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात थोडं निकोटिन आणि वास घातलेला असतो. तो द्रव तापून वाफ होते आणि गार हवा लागताच तिचे सूक्ष्म थेंब बनतात. आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात दिसतं ते जसं धुकं, तसंच हेही धुकं. पाण्याचं मात्र नाही.

आता त्या वातीकडे येऊ.

कॉइल म्हणजे लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची बारीक तार, आणि तिला चिकटून कापूस. कापसाची टोकं द्रवात बुडलेली. बटण दाबलं किंवा झुरका ओढला की बॅटरीतून वीज येते, तार तापते, कापसातला द्रव उकळतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी टाकीतला नवा द्रव ओढला जातो. समईत तेल वातीतून चढतं ते ज्या केशाकर्षणाने, त्यानेच.

या चढण्याला एक नियम आहे. एडवर्ड वॉशबर्न यांनी तो १९२१ मध्ये मांडला. द्रवाने कापलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे पहिला मिलिमीटर भिजायला दहा सेकंद लागले असं धरलं, तर दोन मिलिमीटरला वीस नाही, चाळीस सेकंद लागतात आणि पाच मिलिमीटरला अडीचशे, चार मिनिटांहून जास्त. नवी कॉइल बसवल्यावर टाकी भरून पाच ते दहा मिनिटं थांबा असं सांगतात त्यामागे हे वर्गमूळ आहे. बाहेरून कापूस ओला दिसतो, पण तारेजवळचा मधला भाग सगळ्यात शेवटी भिजतो, आणि नेमका तोच सगळ्यात आधी तापतो.

त्याच नियमात आणखी दोन गोष्टी दडल्या आहेत. एक म्हणजे वाटांची रुंदी. तंतूंमधली फट जितकी बारीक तितकी ओढ जास्त हे खरं, पण घर्षण त्याहूनही झपाट्याने वाढतं, त्यामुळे एकूण वेग कमीच होतो. पीळ फार घट्ट दिलेली वात समईत मिणमिणते आणि सैल वळलेली नीट जळते, त्याचं कारण हेच. कापूस स्वतः भरायच्या कॉइलमध्ये नवशिके तो ठासून भरतात आणि मग करपट चवीची तक्रार करतात. कापूस तारेच्या वेटोळ्यातून ओढताना किंचित अडावा, पण तार वाकू नये, इतकाच भरायचा.

दुसरी गोष्ट दाटपणा. प्रॉपिलीन ग्लायकॉल पाण्याच्या चाळीस-पन्नास पट दाट, तर ग्लिसरीन हजार पटीच्या आसपास. म्हणून लहान पॉडमध्ये (द्रवाची टाकी आणि कॉइल असलेल्या, काढता येणाऱ्या डबीत) निम्मं-निम्मं मिश्रण चालतं. सत्तर टक्के ग्लिसरीनचं जाड मिश्रण मोठ्या भोकांच्या कॉइलसाठी असतं, ते लहान पॉडमध्ये घातलं तर वात उपाशी राहते. ग्लिसरीनचा दाटपणा तापमानावर विलक्षण अवलंबून असतो: वीस अंशांवरून तीस अंशांवर गेलं की तो निम्म्याहून खाली येतो. केबिनच्या थंडगार एसीत करपट लागणारं उपकरण दुपारी डेकवर गळायला लागतं ते बिघडलेलं नसतं, द्रव पातळ झालेला असतो. थंडीत दोन झुरक्यांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्यावा, उन्हात टाकी उभी ठेवावी.

वात ओली राहण्याला एवढं महत्त्व का, ते पातेल्यातल्या पाण्यावरून समजतं. आच कितीही वाढवा, पाणी आहे तोवर पातेलं शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. पाणी आटलं की मात्र बूड लाल व्हायला वेळ लागत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला, मिश्रण या दोहोंच्या मधे कुठेतरी. कापूस ओला असेल तर तारेचं तापमान याच पट्ट्यात बांधलेलं राहतं. कोरडा पडला की त्याच विजेवर तार कित्येकशे अंशांवर उडी मारते, कापूस करपतो आणि ग्लिसरीनच्या रेणूतून पाण्याचे दोन रेणू निघून जाऊन ॲक्रोलीन उरतं. बांगडे तळताना तेल फार तापलं की घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा जो धूर येतो, त्यातला झोंबरा भाग म्हणजे हेच ॲक्रोलीन. सोबत फॉर्माल्डिहाइडही तयार होतं.

२०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटं पत्र आलं: एका उपकरणात ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला भरपूर सापडली. त्यावर गदारोळ झाला. इतर संशोधकांनी दाखवून दिलं की त्या कॉइलला ५ व्होल्ट म्हणजे कोरडी वात, आणि ती चव माणूस दुसऱ्यांदा घेणार नाही. माझ्या मते या वादातून घ्यायची गोष्ट एकच: करपट चव ही तक्रार नसून इशारा आहे. ती आली की झुरका तिथेच थांबवायचा. एकदा करपलेला कापूस पुन्हा बरा होत नाही, कॉइल टाकूनच द्यायची.

विजेचं गणित शाळेतलंच. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. ३.७ व्होल्ट आणि १.२ ओहमची कॉइल असेल तर साडेअकरा वॅटच्या जवळपास. ०.६ ओहमची लावली तर बरोबर दुप्पट. कॉइलवर वॅटचा पल्ला कोरलेला असतो. खालच्या आकड्यापासून सुरुवात करून एकेक वॅट वाढवायचा. सिगरेटवरून येणाऱ्याला एक ओहमच्या वरची कॉइल आणि घट्ट हवा (हवेची वाट अरुंद) बरी पडते, कारण झुरका आधी तोंडात, मग छातीत ही सवय तशीच राहते. ओढायचं मात्र वेगळं: सिगरेटसारखा जोरात आणि आखूड झुरका घेतला तर द्रव उसळून तोंडात येतो. सावकाश, तीन-चार सेकंद.

कॉइल साधारण एक ते दोन आठवडे टिकते. लवकर मरण्याचं मुख्य कारण गोडवा: लिक्विडमधलं सुक्रालोज तारेवर काळं पाकासारखं चढतं, वातीवर काजळी धरावी तसं. काजळी आली की वात आपण झाडतो; कॉइलचा कापूस झाडता येत नाही. गोड नसलेलं लिक्विड वापरणं हाच उपाय.

कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेच्या कुठल्याही किनाऱ्यावर दोन जादा कामं लागतात. ग्लिसरीन हवेतला ओलावा शोषतं. बाटलीचं झाकण सैल राहिलं तर पावसाळ्यात द्रवात पाणी मुरतं, मग झुरक्याला तडतड होते आणि गरम शिंतोडे जिभेवर येतात. दुसरं, पॉडखाली जमणारा ओशट थर. त्यात खारा दमटपणा मिसळला की पितळी टोकांवर हिरवट गंज धरतो, रोध वाढतो आणि उपकरण कधी चालतं, कधी नाही. दर दोन दिवसांनी पॉड काढून दोन्ही बाजूंची टोकं कोरड्या कापसाच्या काडीने पुसायची, आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने. टाकी कोमट पाण्याने धुवायची, रबराच्या चकत्या काढून पूर्ण वाळवायच्या, बसवताना द्रवाचा एक थेंब लावायचा म्हणजे चिरत नाहीत. खळखळ आवाज आला तर मधल्या नळीत द्रव साठला आहे: पॉड काढून तोंडाचं टोक खाली धरून टिपकागदावर झटकायचं. फुंकून आत ढकलायचं नाही.

काही वेपमध्ये लागणारी सुटी, नळकांड्यासारखी १८६५० बॅटरी किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकणं हे या सगळ्यातलं सर्वांत घातक काम. दोन टोकं धातूने जोडली गेली की भाजेल इतका प्रवाह वाहतो. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावी. बाहेरचं आवरण फाटलेली बॅटरी वापरूच नये. चार्जिंग उशाशी, रात्रभर नको. लिक्विडची बाटली मुलांच्या हाती लागता कामा नये. निकोटिन पोटात गेलं तर विष आहे, हातावर सांडलं तर लगेच साबणाने धुवावं.

याने सिगरेट सुटते का? २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ८८६ जणांच्या चाचणीत, समुपदेशनाच्या जोडीने, वर्षाअखेर वेपवाल्यांपैकी १८ टक्के आणि च्युइंगगम-पॅचवाल्यांपैकी ९.९ टक्के सिगरेटमुक्त होते. पण सुटलेल्या वेपवाल्यांतले ८० टक्के अजून वेप ओढत होते, हेही तितकंच खरं. आणि दिवसा वेप, रात्री एखादी सिगरेट हा हिशेब चुकतो: दिवसाला एक सिगरेटही हृदयविकाराचा जो वाढीव धोका देते तो वीस सिगरेटींच्या जवळपास निम्मा असतो. सोडायची तर शेवटचीसकट. निकोटिनची मात्रा सुरुवातीला पुरेशी हवी. युरोपात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. दिवसाला पाकीट ओढणाऱ्याने ६ मिलिग्रॅमने सुरुवात केली तर तो दोन दिवसांत टपरीवर दिसतो.

२०१९ मध्येच अमेरिकेत वेपशी जोडलेल्या फुप्फुसाच्या आजाराची साथ आली, तिच्यात ६८ जण दगावले (फेब्रुवारी २०२० पर्यंतची मोजणी). त्याचा ठपका मुख्यतः गांजाच्या बेकायदा पॉडमधल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर आला. तेव्हा 'वेपने फुप्फुसात पाणी होतं' हे सरसकट खरं नाही, आणि कुठल्याही अनोळखी पॉडवर भरवसा ठेवू नये, हे मात्र नक्की. 'हर्बल', 'आयुर्वेदिक' वेपच्या जाहिराती आणि चहात गुपचूप मिसळून व्यसन सोडवणारी पावडर या एकाच माळेतल्या. पावडरीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. घरच्यांनी ती न सांगता कुणाला देणं हा विषप्रयोगच. मशेरीने दात बळकट होतात ही समजूतही तितकीच पोकळ: मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, निकोटिन हिरड्यांतून शोषलं जातं आणि तलफ त्याचीच असते.

इथे, कोकणात, कायदेशीर मार्ग म्हणजे निकोटिनचं च्युइंगगम, पॅच आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या. गम आणि पॅच २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ चं. बहुतेकजण ते साध्या च्युइंगगमसारखं चघळतात, सगळं निकोटिन गिळलं जातं, उचकी लागते आणि 'काही उपयोग नाही' म्हणून ते फेकलं जातं. सावकाश चावायचं, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. असा अर्धा तास. निकोटिन गालातून रक्तात जातं ते तोंड किंचित अल्कधर्मी असताना. आंबटपणात त्याच्या रेणूला विद्युतभार चिकटतो आणि तो गालाच्या आतल्या अस्तरातून सहज पार होत नाही. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, लिंबू आणि कोकम सरबत बंद. सोलकढीसुद्धा. गडबड वाटली तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन करावा, तो मोफत आहे.