समर्पण झालं, बाप्तिस्मा नाही

नवापूर तालुक्यातल्या एखाद्या मंडळीत रविवारच्या उपासनेला आई-वडील तान्हं बाळ घेऊन पुढे येतात. पाळक बाळाला हातात घेतात, त्याचं नाव मोठ्याने सांगतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मंडळी ‘आमेन’ म्हणते. नंतर मटण-भात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पडला की धुळ्या-जळगावच्या मित्रांचे निरोप सुरू होतात. कुणी बाप्तिस्म्याच्या शुभेच्छा देतो, कुणी सरळ बारशाच्या. दोन्ही चुकलेच. हे समर्पण होतं, म्हणजे बाळाला प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवणं.

आता भुसावळच्या कॅथलिक चर्चमध्ये बघा. तिथेही बाळ, नाव, प्रार्थना आणि मागाहून पंगत. पण फादर बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी ओततात आणि ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने’ बाप्तिस्मा देतात. डोक्याला तेल लावतात, पांढरं वस्त्र घालतात, ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून घरच्यांच्या हाती देतात. शेजारी गॉडफादर-गॉडमदर उभे असतात. सैतानाला नाकारतोस का, देवावर विश्वास ठेवतोस का, या प्रश्नांना उत्तरं मोठी माणसंच देतात. बाळ बहुतेक वेळा रडत असतं.

पाणी दिसलं की बाप्तिस्मा, एवढी खूण पाहुण्याला पुरते. पण खरी गोम ‘हे बाळ आता ख्रिस्ती झालं का?’ या प्रश्नात आहे. कॅथलिक म्हणतील, झालं. देवाची कृपा माणसाच्या समजुतीची वाट पाहत नाही. पुढे दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यातला विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या वेळी ते मूल स्वतःच्या तोंडाने हो म्हणेल. अलायन्स मिशनच्या परंपरेच्या आणि पेंटेकॉस्टल, या दोन्ही प्रोटेस्टंट मंडळ्या साधारणपणे म्हणतात, अजून नाही. आज वचन दिलं ते आई-वडिलांनी, मुलाला प्रभूच्या वाटेवर वाढवू म्हणून. मूल मोठं होईल, पापाची कबुली देईल, विश्वास धरेल, मग मंडळीसमोर साक्ष देऊन पाण्यात उतरेल. तो बाप्तिस्मा बुडवूनच, नदीत किंवा त्यासाठी बांधलेल्या हौदात.

शास्त्राचा आधार दोघेही काढतात. समर्पणवाले बायबलमधल्या, आपल्या शमुवेलाला देवाच्या हवाली करणाऱ्या हन्नाकडे आणि लहानग्या येशूला मंदिरात नेणाऱ्या योसेफ-मरियेकडे बोट दाखवतात. बालबाप्तिस्मावाले फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याची गोष्ट सांगतात: त्याने विश्वास धरला त्याच रात्री त्याचा घरच्यांसकट बाप्तिस्मा झाला. त्या घरात तान्हं मूल होतं की नाही, हे बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिलेलं नाही, त्यामुळे वाद काही मिटत नाही. युरोपात तर यावरून जीव गेले आहेत. प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या फेलिक्स मान्झला 1527 मध्ये झुरिकच्या नदीत बुडवून मारलं, आणि मारणारेही प्रोटेस्टंटच. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी 1970 मध्ये नागपुरात एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) उभारताना शहाणपणाची वाट धरली: दोन्ही पद्धतींना जागा ठेवली.

मला या सगळ्यात पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि सोबत छोट्या मनोरमेचाही. आईने विचार करून, वाद घालून पाऊल टाकलं; अडीच वर्षांच्या लेकीला कुणी काय विचारणार? पण पुढे रमाबाईंनीच लिहून ठेवलं, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. म्हणजे जाणत्या माणसाचाही पाण्याचा दिवस आणि विश्वासाचा दिवस एकच असेल असं नाही. समर्पणाला ‘कोरडा बाप्तिस्मा’ म्हणून हसणाऱ्यांनी आणि बालबाप्तिस्म्याला नुसता विधी म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी, दोघांनीही हे वाचावं.

एरवी हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. अडतं ते सोयरिकीत. बाळपणी कॅथलिक बाप्तिस्मा झालेली मुलगी बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीत सून म्हणून आली, की तिला बहुधा पुन्हा पाण्यात उतरायला सांगतात, आणि माहेरच्यांना तो अपमान वाटतो. कारण त्यांच्या मते बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. पाणी आणि त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नाव असेल तर प्रोटेस्टंट पाळकाने दिलेलाही त्यांना चालतो. उलट बाजूने, समर्पण झालेला पण बाप्तिस्मा राहिलेला नवापूरचा मुलगा भुसावळच्या कॅथलिक मुलीशी लग्न ठरवायला गेला, की फादर बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. तो आठवड्याला उपासनेला जाणारा असला तरी कॅथलिक चर्चच्या कायद्याने अजून बाप्तिस्मा न झालेला माणूस. अशा लग्नाला बिशपांची खास परवानगी काढावी लागते. समर्पणाचा फोटो दाखवून काम होत नाही.