‘द मिल ऑन द फ्लॉस’ : प्रत तपासताना आणि वाचताना

जॉर्ज इलियट या पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेची ही कादंबरी ४ एप्रिल १८६० रोजी ब्लॅकवुड यांनी तीन खंडांत प्रसिद्ध केली. संचाची किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे दीड गिनी. एवढे पैसे मोजणे अनेकांना परवडत नसे, म्हणून लोक वर्गणीच्या वाचनालयातून एकेक खंड घरी नेत. आजच्या पुनर्मुद्रणांतला सर्वांत मोठा घोळ याच तीन खंडांमुळे होतो. एखाद्याच खंडाचे स्कॅन छापून ते पूर्ण पुस्तक म्हणून विकले जाते, आणि गोष्ट अर्ध्यावर तुटल्यावरच वाचकाच्या ते लक्षात येते.

म्हणून प्रत कुठूनही घ्या, आधी अनुक्रमणिका उघडा. भाग सात हवेत आणि प्रकरणे ५८. भागवार सांगायचे तर १३, ७, ९, ३, ७, १४ आणि ५. यादी दुसऱ्या भागावर संपली, तर हातात फक्त पहिला खंड आहे. तिसऱ्या भागापासून सुरू होऊन पाचव्यावर थांबली, तर दुसरा.

दुसरा घोळ अक्षरांचा. स्कॅनवरून यंत्राने मजकूर उचलला की इंग्रजी ‘he’चे ‘be’ होते, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तुटकाच राहतो, पानाच्या डोक्यावरचे शीर्षक मधल्या वाक्यात येऊन बसते. त्याहून वाईट म्हणजे संगणकाने केलेली ‘शुद्धी’. गिरणीवाले टलिव्हर बोलीभाषेत बोलतात, ‘दॅन’च्या (than) जागी ‘नॉर’ (nor) म्हणतात. यंत्राला ती चूक वाटते. ती सुधारली की त्या माणसाचा आवाजच जातो. आमच्या या इंग्रजी आवृत्तीसाठी १८६२ सालच्या एकखंडी आवृत्तीचा पाठ घेतला आहे, कारण त्यात लेखिकेने केलेल्या दुरुस्त्या आहेत. बोलीचा एकही शब्द आम्ही बदललेला नाही. मुद्रितशोधन दोनदा, माणसांनीच, मूळ पान शेजारी ठेवून केले आहे.

आता नात्यांविषयी, कारण पहिल्या भागात बरेच वाचक अडखळतात ते इथेच. इंग्रजीत सगळ्याच ‘आंट’. मराठी वाचकाने पहिल्या पानापासून मनात मावशी आणि आत्या वेगळ्या कराव्यात, निम्मी कादंबरी तिथेच उलगडते. टॉम आणि मॅगी ही टलिव्हर यांची मुले. त्यांची आई बेसी ही माहेरची डॉडसन. तिच्या तीन बहिणी, म्हणजे मुलांच्या मावश्या : मिसेस ग्लेग, मिसेस पुलेट आणि मिसेस डीन. पैशाला पक्क्या, चादरी-टेबलक्लॉथ मोजून ठेवणाऱ्या, घराण्याची रीत सांगणाऱ्या. मिसेस पुलेट नवी टोपी दाखवायला निघतात तेव्हा किल्ल्या काढल्या जातात, कुलपे उघडली जातात, कागदाचे पदर सोडवले जातात आणि मग कुठे टोपी बाहेर येते. ते प्रकरण घाईने वाचू नका. आत्या एकच, मिसेस मॉस : गरीब, पोरवडा मोठा, भावावर जीव. डॉडसन मंडळी टॉममध्ये आपले रक्त शोधतात; मॅगी मात्र त्यांना टलिव्हरांवर गेलेली वाटते.

या दोन बाजूंची ओढाताण पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात समोर येते. टलिव्हर यांनी मेहुण्याला ३०० पौंड दिलेले असतात. स्वतः अडचणीत आल्यावर ते घोड्यावर बसून बहिणीकडे वसुलीला जातात, मेहुण्याला कडक शब्द ऐकवतात आणि निघतात. थोडे पुढे गेल्यावर घोडा वळवतात आणि बहिणीला सांगतात, काळजी करू नकोस. उद्या आपण नसताना टॉम मॅगीशी असाच कठोर वागला तर, हा विचार त्यांच्या मनात येतो. पुढची सगळी कादंबरी या प्रश्नावर उभी आहे. ते पान दुमडून ठेवलेत तरी चालेल.

टलिव्हर कर्जात बुडतात ते पाण्याच्या भांडणात. पाणचक्कीला पाण्याचा उतार लागतो. वरच्या अंगाला कोणी शेतीसाठी पाणी वळवले तर चाकाचा जोर कमी होतो. वरच्या बांधावरचे पाणी आणि कोर्टकचेरी आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. खटला हरल्यावर गिरणी विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या, वेकेमच्या हाती जाते. बाप घरच्या बायबलात मुलाकडून लिहून घेतो की वेकेमला क्षमा नाही. आणि मॅगीचा जिव्हाळ्याचा मित्र फिलिप हा त्याच वेकेमचा मुलगा. इकडे कर्ज फेडण्यासाठी पत्र्याच्या डब्यात पै-पै साठवली जाते. पाचव्या भागात ती मोजतात तेव्हा १९३ पौंड भरतात. हिशेब कळावा म्हणून : त्या काळी १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स.

फ्लॉस नदी नकाशावर सापडणार नाही. कादंबरीतले सेंट ऑग्ज हे गाव लिंकनशायरमधल्या ट्रेंटकाठच्या गेन्सबरोवरून घेतले आहे. भाऊ-बहिणीच्या नात्यातले दुखणे मात्र लेखिकेच्या घरचे होते : थोरला भाऊ आयझॅक याने १८५७ पासून १८८० पर्यंत त्यांच्याशी संबंध ठेवला नाही. याविषयीचे टिपण मुद्दाम पुस्तकाच्या शेवटी छापले आहे, कारण त्यात शेवट फुटतो. मुखपृष्ठानंतरच्या नामपृष्ठावर बायबलमधली एक ओळ आहे. ती लेखिकेनेच घातलेली असल्यामुळे ठेवली आहे. तिचा संदर्भ वाचून झाल्यावरच शोधावा.

पुस्तक डेमी आकारात, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) वजनाच्या मॅपलिथो कागदावर, १६ पानी ३४ फर्म्यांचे (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा), एकूण ५४४ पृष्ठांचे आहे. फर्मे दोऱ्याने शिवलेले आहेत. नवी प्रत एकदम मधोमध उघडू नका, पाठीचा गोंद तडकतो. पाठ टेबलावर टेकवा, आधी दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग पुढून आणि मागून आलटून पालटून वीस-वीस पाने हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाची खळ पुरते.

बांधणीत एखादा फर्मा गळतो किंवा उलटा लागतो. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक क्रमांक आहे आणि पृष्ठांक नामपृष्ठापासूनच मोजलेले आहेत. ११२ नंतर थेट १२९ आले, तर आठवा फर्मा गळला आहे. अशा वेळी दोन्ही पानांचा फोटो आणि फर्म्याचा क्रमांक आम्हाला पाठवा. प्रत वाचून झालेली असली, नाव घातलेले असले, तरी बदलून मिळेल.