एसटीपी आणि एफएसटीपी: एका ‘एफ’चा घोळ

‘आपल्याकडे प्रकल्प झालाय ना, मग नाला अजून नदीतच कसा जातो?’ छोट्या शहरांत हा प्रश्न हमखास निघतो. घोळ नावातच आहे. एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) आणि एफएसटीपी (मैला-गाळ प्रक्रिया केंद्र) यांच्यात कागदावर एका अक्षराचा फरक, आणि बोलताना तर दोन्ही ‘मैल्याचा प्लँट’च.

वाईचं उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत वस्ती सुमारे ३६ हजार, बहुतेक घरांना सेप्टिक टँक, आणि कृष्णा ऐन गावातून, ढोल्या गणपतीच्या घाटाला लागून. इथला एफएसटीपी दिवसाला ७० हजार लिटर गाळासाठी बांधलेला आहे. टाकी तुंबायची वाट न बघता तीन वर्षांतून एकदा पाळीपाळीने ती उपसायची, ही पद्धतही वाईने लावली. टँकरने आणलेला गाळ तिथे पिळून वाळवतात, मग कमी हवेत तापवतात. उरतो कोळशासारखा चुरा. सिन्नरचा प्रकल्प तेवढ्याच क्षमतेचा, पण तिथे गाळ वाफ्यांवर उन्हात वाळतो. मला लहान गावांसाठी सिन्नरची रीत जास्त पटते. बिघडायला तिच्यात फारसं काही नाही.

आता सेप्टिक टँकचं झाकण उघडा. (मनातल्या मनातच; आतला वायू जीव घेतो.) तळाशी काळा गाळ, वर तवंगाची जाड साय, मधे गढूळ पाणी. टँकर येतो तो मुख्यतः गाळासाठी, तोही तीन वर्षांनी. मधलं पाणी मात्र रोज, प्रत्येक फ्लशसरशी, टाकीच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतं. ते शोषखड्ड्यात जिरायला हवं; बऱ्याच ठिकाणी पाइप सरळ गटारात सोडलेला असतो. त्यात मोरीचं, धुण्याभांड्यांचं पाणी मिसळतं. हे झालं सांडपाणी, आणि त्याच्या वाटेत एफएसटीपी कुठेच येत नाही.

सांडपाण्यासाठी एसटीपी. भुयारी गटारातून किंवा नाला अडवून, वळवून पाणी तिथे आणतात. जाळीत प्लॅस्टिक अडतं, पुढे वाळू बसते, मग मोठ्या टाकीत हवा सोडतात आणि जिवाणू घाण खातात. ऑपरेटर त्या टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात भरून अर्धा तास ठेवतो. तपकिरी गाळ खाली नीट बसला आणि वरचं पाणी निवळलं, की जिवाणूंची तब्येत ठणठणीत.

मग टँकर थेट इथेच का रिकामा करू नये? सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे साधारण दोन-तीनशे मिलिग्रॅम. टाकीतल्या गाळाचा हजारांत. छोट्या एसटीपीत एकदम दोन-तीन टँकर ओतले की हवा पुरत नाही आणि नळकांड्यातला गाळ बसेनासा होतो. मोजून, थोडाथोडा सोडला तर चालतं. उलटा प्रयोग तर हास्यास्पदच. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के गटारात, हा सरकारी ठोकताळा धरला तर ३६ हजार वस्तीचं सांडपाणी रोज सुमारे ३९ लाख लिटर होतं. तेवढा नाला ७० हजारांच्या एफएसटीपीकडे वळवला, तर त्याचा दिवसभराचा कोटा अर्ध्या तासात संपेल.

म्हणून एफएसटीपी निरुपयोगी, असं मुळीच नाही. तो नसला की टँकर रात्री ओढ्याकाठीच रिते होतात, आणि तो गाळ नदीला सांडपाण्याहून कितीतरी जड जातो. पैसा कमी असलेल्या नगरपालिकेने आधी तोच बांधावा. फक्त उद्घाटनाच्या फलकावर ‘नदी प्रदूषणमुक्त’ असं लिहू नये.

आपल्या गावात काय चाललंय हे बघायचं असेल तर जानेवारीत, पाऊस सरून तीन महिने झाले असताना, सकाळी आठला नाल्याच्या पुलावर उभं राहा. नाला मूळचा पावसाळी असेल, तर तेव्हा कोरडा हवा. करडं, फेसाळ पाणी वाहताना दिसलं तर त्या पाण्याच्या मागे मागे नदीपर्यंत चालत जा. वाटेत एसटीपी लागतो का ते कळेल.