मोबाइल स्टार्टरमुळे मोटर जळत नाही

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आजही ऐकू येतं: मोबाइल स्टार्टर (फोनवरून विहिरीवरचा पंप चालू-बंद करणारा खोका) बसवला की मोटर जळते, आणि इंटरनेट नसेल तर तो नुसता खोका. दोन्ही चूक.

आत सिमकार्ड असतं. बरेच स्टार्टर साध्या कॉलवर किंवा एसएमएसवर चालतात. बटणांचा फोनही पुरतो. फक्त विहिरीवर रेंज हवी.

मोटर जळते ती वेगळ्याच कारणांनी. विजेच्या ३ फेजपैकी (पुरवठ्याच्या तारांपैकी) १ गेला की उरलेल्या दोनांवर करंट वाढतो, वाइंडिंग (मोटरच्या आतली तारांची गुंडाळी) तापतं. व्होल्टेज घसरलं तरी तेच. पाणी तुटून पंप कोरडा फिरला तर सील जातं. चांगला मोबाइल स्टार्टर हे सगळं ओळखून मोटर आपोआप बंद करतो. माझ्या मते त्याला बदनाम केलं ते संरक्षण नसलेल्या स्वस्त ऑटो स्विचनं: वीज येताच साऱ्या मोटारी एकदम सुरू, सगळा भार एकाच डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर). रात्री वीज आली की मोटर सुरू करायला काळोखात, सापांच्या वाटेनं जाणाऱ्यांना या अफवेची फार मोठी किंमत मोजावी लागते.

घेताना सिंगल फेज (एक फेज जाणं) आणि ड्राय रन (पंप कोरडा फिरणं) यांपासून संरक्षण आहे का, हे विचाराच. मोटर सुरू होण्याची वेळ शेजाऱ्यांशी बोलून मागेपुढे लावा, आणि सिमचं रिचार्ज संपू देऊ नका.