नामवंतांची यादी आणि यादीबाहेरचे पदवीधर

कुठल्याही जुन्या विद्यापीठाची माहिती वाचायला घेतली की 'आमचे नामवंत माजी विद्यार्थी' हा मजकूर हमखास समोर येतो. दोनचार न्यायाधीश, एखादा पंतप्रधान, नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ, लेखिका, उद्योगपती, ऑलिंपिकपटू. आपल्याला ही यादी इतकी सवयीची झाली आहे की ती आपोआप तयार होते असेच वाटते. पण तिला इतिहास आहे, आणि तो तपासला की एक गोष्ट दिसत राहते. यादी करणाऱ्यापुढे दर वेळी एक प्रश्न होता. कोणाचे नाव आत येणार आणि कोणाचे बाहेर राहणार, हे माणसाच्या कर्तृत्वापेक्षा त्या प्रश्नाने अधिक ठरवले.

सर्वांत जुन्या याद्यांमागचा प्रश्न पोटापाण्याचा होता. चौदाव्या शतकात पॅरिस, ऑक्सफर्ड अशी विद्यापीठे आपल्या पदवीधरांच्या नावांची लांबलचक गुंडाळी पोपच्या दरबारी पाठवत. या सगळ्यांना चर्चमधली उत्पन्नाची पदे द्यावीत, अशी त्यात विनंती असे. कोणी काय करून दाखवले याचा हिशेब तिथे नव्हता. अमुक माणूस आमच्याकडे शिकला आहे, आता त्याच्या निर्वाहाची सोय करा, एवढेच म्हणणे होते. क्षेत्रेही मोजकीच होती. पायाभूत अभ्यासानंतरच्या वरच्या विद्याशाखा तीन, धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक. व्यवसायांची विविधता म्हणून आज आपण जे मिरवतो ते त्या वेळी या तीन खणांत मावत होते.

यशाची नोंद करण्याचा पहिला मोठा प्रयत्न ऑक्सफर्डच्या अँथनी वुड यांचा. 1500 सालापासून ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या लेखकांची आणि बिशपांची चरित्रे त्यांनी जमवली आणि 1691 व 1692 मध्ये दोन खंडांत छापली. वुड यांना विद्यापीठाची थोरवी गायची होतीच, पण त्यांनी ऐकलेले आणि वाचलेले खरेखुरे लिहिले. कोण कुठल्या पदावर कसा पोहोचला, कोणी पैसे घेतल्याची वदंता होती, तेही त्यात आले. दिवंगत अर्ल ऑफ क्लॅरेंडन यांनी पदे विकल्याचे सूचित करणारा मजकूर त्यांना भोवला. हे क्लॅरेंडन एके काळी विद्यापीठाचे कुलपती होते. 1693 मध्ये बदनामीबद्दल वुड दोषी ठरले, त्यांना विद्यापीठातून काढून टाकले आणि ती पाने जाळली. माजी विद्यार्थ्यांविषयी फक्त चांगलेच लिहायचे, हा संकेत आज कोणाला सांगावा लागत नाही. तो मोडल्यावर काय होते हे त्या पहिल्याच मोठ्या प्रयत्नात दिसले, आणि मला वाटते या संपूर्ण लेखनप्रकारावर त्याची छाया राहिली आहे.

अटलांटिकच्या पलीकडे हार्वर्डची पहिली तुकडी 1642 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली. विद्यार्थी नऊ. वसाहतीला सुशिक्षित धर्मोपदेशक मिळावेत ही त्या महाविद्यालयाकडून मोठी अपेक्षा होती. तुकडीतला जॉर्ज डाउनिंग मात्र इंग्लंडला गेला, तिथे राजाला हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलसाठी हेरगिरी आणि राजनीती केली, राजेशाही परत आल्यावर नव्या राजाच्या बाजूला जाऊन त्याच्याही सेवेत शिरला, आणि लंडनमध्ये जमीन घेऊन घरे बांधली. ब्रिटिश पंतप्रधानांचे निवासस्थान असलेल्या रस्त्याला आजही त्याचेच नाव आहे. पहिल्याच तुकडीतला हा माणूस संस्थेच्या हेतूत बसत नव्हता. पदवीधरांची जी अधिकृत सूची हार्वर्ड ठराविक वर्षांनी लॅटिनमध्ये छापत असे, तिच्यात धर्मोपदेशकांची नावे तिरप्या अक्षरांत असत आणि मृतांच्या नावापुढे तारा. म्हणजे एका व्यवसायाला छपाईतच वेगळा मान होता.

पुढे हार्वर्डचे ग्रंथपाल जॉन लँगडन सिब्ली यांनी 1642 च्या तुकडीपासून एकेका पदवीधराचे चरित्र लिहायला घेतले. पहिला खंड 1873 मध्ये आला, तिसरा 1885 मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी. तोवर ते सतराव्या शतकातूनही बाहेर पडले नव्हते. काम थांबू नये म्हणून त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या इतिहास संस्थेसाठी पैसे ठेवले आणि इतरांनी ते पुढे चालवले. सिब्लींची पद्धत मला फार मोलाची वाटते. गव्हर्नर झालेला आणि खेड्यात शिकवून मेलेला, दोघांनाही त्यांच्या ग्रंथात जागा आहे. माहिती कमी असेल तर नोंद लहान, पण नोंद आहे.

संघटना यायला मात्र संकट लागले. 1821 मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे अध्यक्ष काही विद्यार्थ्यांना घेऊन नव्या ॲमहर्स्ट कॉलेजकडे निघाले, आणि आपली संस्था बुडते की काय या काळजीने विल्यम्सच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन संघ स्थापन केला. माजी विद्यार्थ्यांचा सर्वांत जुना चालू संघ म्हणून तो ओळखला जातो. येलमध्ये तुकडीवार संघटन त्याच्याही आधीपासून होते, आणि 1890 मध्ये तिथे वार्षिक देणगी निधी सुरू झाला. त्यानंतर पत्ते, हुद्दे, बढत्या यांची नोंद नियमित होऊ लागली. कारण उघड आहे, देणगी मागायची तर माणूस कुठे आहे आणि काय करतो हे माहीत हवे.

या सगळ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे काम मात्र श्रीमंत संस्थांच्या कचेऱ्यांत झाले नाही. ज्यांच्या शिकण्याच्या हक्काबद्दलच शंका घेतली जात होती, त्यांनी ते केले.

1873 मध्ये बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी लिहिले की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांच्या शरीराची, विशेषतः प्रजननक्षमतेची, हानी होते. पुरावा म्हणून त्यांच्यापाशी मूठभर रुग्णांच्या हकिकती होत्या. पण हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळातल्या माणसाचा शब्द, त्यामुळे पुस्तक हातोहात खपले आणि अनेक घरांत मुलींच्या शिक्षणाविरुद्धचा आधार झाले. 1881 च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनमध्ये 17 पदवीधर स्त्रिया जमल्या. पुढाकार मॅरियन टॅलबट आणि एमआयटीच्या पहिल्या पदवीधर स्त्री, रसायनशास्त्रज्ञ एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांचा. त्यातून निघालेल्या संघटनेने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे पदवीधर स्त्रियांच्या प्रकृतीची पाहणी. प्रश्नावल्या गेल्या, 705 जणींची उत्तरे आली, आणि त्यांची आकडेवारी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या श्रम-सांख्यिकी विभागाने 1885 मध्ये प्रसिद्ध केली. महाविद्यालयीन शिक्षणाने स्त्रियांची प्रकृती खालावते असे त्यात दिसले नाही. यातली हुशारी लक्षात घ्यायला हवी. या स्त्रियांनी आपल्यातल्या दोनचार तेजस्वी जणींची नावे पुढे केली असती तर त्या अपवाद आहेत असे म्हणता आले असते. शेकडो सामान्य पदवीधरांच्या उत्तरांपुढे तसे म्हणता येत नव्हते.

इंग्लंडमध्ये तर स्त्रियांना यादीत शिरण्याचीच वाट नव्हती. 1890 मध्ये फिलिपा फॉसेट यांनी केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या पुरुषापेक्षाही जास्त गुण मिळवले. पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या 1948 मध्ये दिल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री कॉर्नेलिया सोराबजी 1892 मध्ये ऑक्सफर्डच्या कायद्याच्या वरिष्ठ परीक्षेला बसल्या. ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायचे 1920 मध्ये ठरवले आणि सोराबजींच्या हाती ती 1922 मध्ये पडली, परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी. मधल्या काळात, 1904 ते 1907, ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिकलेल्या कित्येक जणी बोटीने डब्लिनला जाऊन तिथल्या ट्रिनिटी कॉलेजची पदवी घेऊन आल्या. त्यामुळे नोंदींत विचित्र गुंता झाला. शिक्षण एका ठिकाणचे, पदवी दुसऱ्या विद्यापीठाची. तर्कशास्त्रातल्या आकृत्यांमुळे प्रसिद्ध असलेले जॉन वेन आणि त्यांचा मुलगा यांनी केंब्रिजच्या प्रारंभापासून 1900 पर्यंतच्या विद्यार्थ्यांचा जो दहा खंडांचा कोश केला, तो 1922 ते 1954 या काळात निघाला. अफाट कष्टांचे काम आहे ते. गर्टन आणि न्यूनहॅम या केंब्रिजमधल्या स्त्रियांच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थिनींची भर मात्र त्याला संगणकीय रूप आल्यावर घातली गेली.

अटलांटा विद्यापीठात डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी 1900 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पदवीधरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते स्वतः हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. गुलामगिरी संपून जेमतेम पस्तीस वर्षे झाली होती, आणि या समाजाला हाताची कौशल्ये शिकवावीत, लॅटिन आणि ग्रीक कशाला, असा मतप्रवाह जोरात होता. शिकून हे लोक करतात तरी काय, हा टोमणा होता. ड्यूबॉइस यांनी तो खरोखरीचा प्रश्न मानला आणि पदवीधरांनाच विचारले. उत्तरे दिलेल्यांपैकी 53 टक्के शिक्षक किंवा शिक्षणसंस्थांचे प्रमुख, 17 टक्के धर्मोपदेशक, आणखी 17 टक्के इतर व्यवसायांत, त्यांत मुख्यतः डॉक्टर, सहा टक्क्यांहून थोडे अधिक व्यापारी, शेतकरी, कारागीर, आणि चार टक्के सरकारी नोकरीत. एका महाविद्यालयातून निघालेला शिक्षक पुढच्या शेकडो मुलांना शिकवत होता, म्हणून तो 53 चा आकडा त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठे यश होते. माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाची याहून खणखणीत मांडणी मला दुसरी माहीत नाही.

भारतात हाच प्रश्न सरकारने विचारला. 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे निघाली. मुंबईची पहिली बी.ए. तुकडी 1862 ची. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक असे चौघे. रानडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, भांडारकर संस्कृतचे जगन्मान्य पंडित आणि पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू. 1882 च्या हंटर शिक्षण आयोगाने पदवीधर पुढे कुठे गेले याचे तक्ते मागवले, तेव्हा सर्वांत मोठा गट सरकारी नोकरीतला निघाला आणि त्याच्यामागे वकिली होती. परकी राज्यात सुशिक्षितांसाठी किती दारे उघडी होती ते या तक्त्यांवरून समजते.

विसाव्या शतकात यादीचा उपयोग संस्थांची तुलना करण्यासाठी होऊ लागला. इंग्लंडमध्ये 1900 मध्ये ॲलिक मॅक्लीन यांनी नामवंत माणसे कुठे शिकली याची मोजणी केली. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल यांनी 1910 मध्ये प्रथितयश शास्त्रज्ञांच्या संख्येवरून विद्यापीठांचा क्रम लावला. अशा मोजणीत मोठी आणि जुनी संस्था पुढे असणारच. 1952 मध्ये नॅप आणि गुडरिच या संशोधकांनी भागाकार केला. एकूण पदवीधरांच्या प्रमाणात शास्त्रज्ञ किती, हे त्यांनी पाहिले, आणि ऑरेगनमधले छोटेसे रीड कॉलेज सर्वांत वर आले. इतकी साधी गोष्ट करायला पन्नास वर्षे लागली, आणि विद्यापीठांच्या प्रचारात ती आजही क्वचितच दिसते.

2003 मध्ये शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठाने जागतिक क्रमवारी काढली. 2004 पासून तिच्यात नोबेल किंवा गणितातले फील्ड्स पदक मिळवलेल्या माजी विद्यार्थ्यांना दहा टक्के वजन दिले गेले. त्यानंतर जुन्या पुरस्कारांवरही वारसाहक्क सांगितले जाऊ लागले. बर्लिनच्या जुन्या विद्यापीठाच्या नोबेल विजेत्यांवर शीतयुद्धामुळे वेगळ्या झालेल्या दोन संस्थांनी दावा केला. पॅरिसच्या खाणकाम अभियांत्रिकी विद्यालयाला ही पद्धत पटली नाही, आणि 2007 मध्ये त्याने जगातल्या 500 बड्या कंपन्यांचे प्रमुख कुठे शिकले एवढ्यावरच क्रम लावला. त्यात फ्रेंच संस्था बऱ्याच वर चढल्या. मोजपट्टी निवडणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते, याचे हे ढळढळीत उदाहरण.

अलीकडे मोजणी पुन्हा सगळ्यांकडे वळली आहे, पण वेगळ्या वाटेने. 2017 मध्ये अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी नाव-गाव वगळलेल्या कर-नोंदींवरून अमेरिकेतल्या तीन कोटींहून अधिक विद्यार्थ्यांचे पुढचे उत्पन्न त्यांच्या पालकांच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले. गरीब घरातल्या मुलांना मोठ्या संख्येने वर नेणाऱ्यांत लॉस एंजेलिसचे राज्य विद्यापीठ अगदी पुढे होते, नामवंतांच्या याद्यांत सहसा न दिसणारे. ब्रिटनमध्ये शिक्षण संपल्यावर साधारण पंधरा महिन्यांनी प्रत्येक पदवीधराला तो काय करतो असे विचारले जाते. कर-नोंदीत मात्र फक्त रक्कम असते. एखाद्या लहान गावात तीस वर्षे गणित शिकवणारी बाई आणि तिथेच कारकुनी करणारा गृहस्थ त्या नोंदीत शेजारी शेजारी बसतात. तिने किती मुलांना घडवले हे शोधायला आजही ड्यूबॉइस यांच्यासारखे पत्र लिहून तिलाच विचारावे लागेल.